गिअरबॉक्समधली सोलकढी

दुसऱ्याने गाडी कशी चालवावी हे सांगणारे आमच्या आचऱ्यात शेकड्याने मिळतील. पण सत्यवानदादाइतक्या खात्रीने कोणी सांगत नाही. तिठ्यावर एखादा टेम्पो वळला की हा गॅरेजमध्ये बसल्या जागी, मान वर न करता, ड्रायव्हरचं प्रगतिपुस्तक भरून टाकतो. "क्लचार पाय ठेवन झोपलो हा मेलो. गणपतीपर्यंत प्लेटी जाळतलो." गणपतीच्या आधी आठ दिवस तो टेम्पो ढकलत गॅरेजसमोर येतो. तेव्हा दादा नुसता पान्हा पुसत बसतो, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

गंमत अशी, की ह्या माणसाने बावन्न वर्षांत एक फूटसुद्धा गाडी चालवलेली नव्हती.

दोन वर्षांचा असताना त्याला ताप आला. ताप गेला तो डाव्या पायाची ताकद घेऊन गेला. पाय आहे, चप्पल त्यालाही लागते, पण दादाच्या भाषेत तो "पन्नास वर्षां पगारी रजेर". चालताना डावा हात गुडघ्यावर दाबायचा, की पाऊल पुढे. गाडीतली बाकी सगळी कामं ह्याच्या हातात आणि उजव्या पायात मावली असती. एक क्लच तेवढा डाव्या पायाचा. म्हणून यच्चयावत यंत्रांवर जीव टाकणारा हा माणूस क्लचचं नाव मात्र सवतीसारखं घेतो.

त्याचं खरं राज्य गॅरेजच्या खड्ड्यात. जांभा फोडून तो त्याने स्वतः खणलाय. पावसाळ्यात त्यात बेडूक राहतात, बाकी आठ महिने दादा. दोन हातांवर झोका घेऊन तो आत उतरला की पायाचा प्रश्नच मिटतो. "वर मी लंगडो," तो म्हणतो, "खाली तुमी आंधळे."

पण दुरुस्त केलेल्या गाडीची ट्रायल घ्यावी लागते, आणि ती खड्ड्यात घेता येत नाही. दादा बाजूच्या सीटवर बसून, डोळे मिटून, गिअरचा आवाज ऐकायचा. चालवायला कोणीतरी हवं. सुरुवातीला रिक्षावाला बाबू हा दादाचा डावा पाय होता. बाबूला भाडं लागलं की गॅरेज बंद, गिऱ्हाईक तिष्ठत, आणि दादा रस्त्याकडे बघत. मिठबावची शर्मिलावहिनी लग्न होऊन आली, तिने सहा महिने हा प्रकार पाहिला आणि एका सकाळी पदर खोचून म्हणाली, "माका शिकवा."

आणि त्याने शिकवलं! ज्याने जन्मात क्लच दाबला नाही त्याने बाजूला बसून, नुसत्या तोंडाने, क्लच शिकवला. वहिनीला पहिल्या फटक्यात लायसन मिळालं. तेव्हापासून बावीस वर्षं आचऱ्यातली प्रत्येक दुरुस्त गाडी वहिनी चालवते, आणि शेजारून दादाचा जप चालू असतो: "सोड... हळू सोड... अगो हळू... जाळलंस!" हा आवाज ऐकला की लोक समजतात, अमक्याची जीप तयार झाली. त्या दोघांच्या संसारातली सगळी भांडणं क्लचवर झाली आहेत. सासू, पैसा, माहेर ह्या विषयांना कधी वेळच मिळाला नाही.

गॅरेजवर तीस वर्षं बोर्ड आहे, 'सत्यवान ऑटो गॅरेज'. पण ऑटो म्हणावी अशी गाडी तिथे पहिल्यांदा आली ती ह्या मे महिन्यात.

ती आणली जितेंद्रकाकांनी. हे दादाचे शाळेतले बाकसोबती, आता ठाण्याला बँकेत. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून डावा गुडघा दुखायला लागला म्हणून त्यांनी एक लांबलचक, जुनी, सेकंडहँड, ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. हे त्यांनी एप्रिलमध्येच फोनवर सांगितलं होतं. त्यावर दादा म्हणाला होता, "तुझो ढोपर दुखता म्हणान तुका ऑटोमॅटिक? मगे माका तर विमान व्हया." फोन ठेवल्यावर तो गुडघा दाबत रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला. माझं दुकान झेरॉक्सचं, शिवाय आधार, सातबारा, सगळे फॉर्म भरून मिळतात. त्यामुळे माझं नाव गावात कोणी घेत नाही.

"झेरॉक्स," तो हळू आवाजात म्हणाला, "गाडयेच्या लायसनाचो फॉर्म भर."

"कोणाचो?"

"माझ्या आज्याचो. माझो रे! शिकाऊ. आणि तुझ्या वयनीक बोलशीत तर खड्ड्यात पुरीन."

परीक्षा माझ्याच कॉम्प्युटरवर झाली. पंधरापैकी चौदा बरोबर. पंधराव्यावरून तो कॉम्प्युटरशी भांडला आणि अजून मानत नाही की कॉम्प्युटरचं बरोबर होतं. लायसन मी लॅमिनेट करून दिलं. ते त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं आणि महिनाभर शर्ट धुवायला टाकताना आधी खिसा चाचपत होता. वहिनीला काय वाटलं असेल देव जाणे.

तर जितेंद्रकाका आले. गाडी तिठ्यावरून आत वळतानाच थरथरली, हिव भरल्यासारखी.

"सिग्नलवरून उठताना अशीच करते," काका म्हणाले. "शोरूमवाले म्हणतात गिअरबॉक्स नवीन घाला. मी म्हटलं, आधी सत्याला दाखवू."

दादाने बॉनेट उघडलं, गिअर ऑईलची पातळी मोजायची पट्टी ओढून काढली, बोटाला तेल लावलं आणि बोट जिभेवर ठेवलं. ही त्याची जुनी पद्धत. डॉक्टर नाडी बघतो, हा चव बघतो. त्याचं पोट आजवर कसं टिकलं हा संशोधनाचा विषय आहे.

"करपलेला," तो थुंकून म्हणाला. "सात दिवस त्याच तेलात बांगडे तळलंस तर अशी चव येयत. गिअर बरो आसा. तेल बदलूया."

"बदल. तेल मी घेऊनच आलोय." काकांनी डिकीतून वीस लिटरची बादली काढली. चार लिटरचं काम, पण बादली स्वस्त पडली म्हणे. "मजुरी किती घेशील?"

"मजुरी नको. ट्रायल माका घेवची आसा."

"ती तू नेहमीच घेतोस."

"बाजूक बसान न्हय." दादाने खिशातून ते लॅमिनेशन काढलं. "स्टेरिंगार बसान. मिठबावपर्यंत आणि परत."

काकांनी लायसन उलटसुलट बघितलं. मागे उन्हात वहिनी बाटल्या मांडत होती, तिचेही हात थांबले. ती जवळ आली, फोटो बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फोटोत तरी हसाचा होतात."

ठरलं. वहिनीकडे पक्कं लायसन, ती शेजारी बसेल, म्हणजे कायद्यानेही ठीक. गुरुवारी पहाटे काका ठाण्याला परत जाणार होते. त्याच्या आत एकदा, बावन्न वर्षांत एकदा, दादा गाडी चालवणार होता. बाकी ह्या गोष्टीत काही नाही.

मंगळवारी सकाळी काम काढलं. गाडी खड्ड्यावर घेतली. दादाने खालचं नट सोडलं, काळं तेल टबात पडलं, मोजून चार लिटर. आता तेवढंच नवीन घालायचं. ते घालायचं वरून, पट्टीच्या बारीक नळीतून, आणि वीस लिटरच्या बादलीतून बारीक नळीत तेल ओतणं म्हणजे हत्तीला चमच्याने पाणी पाजण्यातला प्रकार. म्हणून तेल आधी लिटर-लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरून घेतलं. बाटल्या वहिनीच्याच. तीन भरून दादाने गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी बांधावर, ठेवल्या, चौथी भरून ठेवायला जागा नाही म्हणून खाली ठेवली.

आता हे तेल असतं लाल. लाल म्हणजे असं तसं नाही, रतांब्यासारखं, म्हणजे पिकल्या कोकमासारखं लाल. आणि मे महिन्यात कुठल्याही मालवणी घराच्या गडग्यावर उन्हात काय ठेवलेलं असतं ते मी सांगायला नको. आगळाच्या, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमरसाच्या, बारा बाटल्या. तसल्याच बाटल्या, तसलाच रंग, शेजारी शेजारी.

जितेंद्रकाका बाटल्या हातात द्यायला उभे होते. शिवाय बोलत होते. "ठाण्याच्या हॉटेलात सोलकढी म्हणून काय देतात माहितीये? बिटाचं पाणी! मी आपला परत पाठवतो. खरा आगळ मी लांबून, नुसत्या रंगावरून ओळखतो."

"दी," दादा म्हणाला. डोळा नळीवर, हात मागे. एक बाटली संपली. "दी." दुसरी. "दी." तिसरी. "दी." चौथी.

मग गाडी चालू केली. काकांनी गिअरचा दांडा पुढे-मागे करून सगळ्या गिअरांतून फिरवला. दोन-तीन मिनिटं इंजिन गुरगुरलं. दादाने पट्टी काढली.

पट्टीवर गुलाबी फेस होता.

"अरे वा," काका म्हणाले. "नवीन तेल असं दिसतं होय?"

दादाने बोट लावलं, जिभेवर ठेवलं, आणि डोळे मिटले. मग इंजिन बंद करायला खूण केली आणि अगदी शांतपणे हाक मारली, "शर्मिला, हय ये गो."

"काय ओ?"

"मीठ कितक्या घातललंस?"

"कशात?"

"आगळात."

वहिनीने एकदा त्याच्या बोटाकडे बघितलं, एकदा गडग्याकडे, आणि बाटल्या मोजल्या. अकरा. खाली सावलीत तेलाची चौथी बाटली तशीच उभी. "अरे देवा! ती मोठ्या मिठाची बाटली सुदेशाक ठेवललंय!" सुदेश म्हणजे तिचा मिठबावचा भाऊ. नवऱ्याने गिऱ्हाइकाच्या लाखांच्या गाडीला आगळ पाजला होता आणि हिला भावाच्या वाटणीची पडली होती.

"रंगावरून ओळखतंस मां रे तू?" दादा काकांकडे वळला.

"ओतलास तू!"

"दिलंस तू! हात तुझो, नरसाळा माझा!"

"तू जिभेने तेल ओळखतोस, ओतायच्या आधी चाटायला काय झालं होतं?"

ह्यावर दादा टायरवर जाऊन बसला. काका अंगणाच्या टोकाला जाऊन फोनवर बोलू लागले. "हो, टोइंगच हवंय. नाही, अपघात नाही. गिअरबॉक्समध्ये... कसं सांगू... सरबत गेलंय." समोरून दोनदा 'काय?' असं ऐकू आलं. शेवटी ठरलं की ट्रक उद्या दुपारी बारा वाजता येईल आणि गाडी उचलून शोरूमला नेईल.

मी दादाकडे बघितलं. त्याने लायसन खिशातून काढून हातात धरलं होतं. मी बघतोय हे कळल्यावर त्याने ते मांडीला पुसलं, जसं काही तेल लागलं होतं, आणि परत खिशात ठेवलं.

"उद्या बारापर्यंत गाडी माझी," तो काकांना म्हणाला.

"आणखी काय पाजणार आहेस?"

"बारापर्यंत, जितू. मगे ने तुका व्हया थय."

शाळा सुटल्यापासून जितू हे नाव कोणी घेतलं होतं की नाही कोण जाणे. काका खांदे उडवून घरी जेवायला गेले.

दादा माझ्या दुकानात आला. आम्ही मोबाइलवर शोधून शोधून अकरा पानांची प्रिंट काढली. मी वाचायचं आणि त्याने शिव्या द्यायच्या अशी कामाची विभागणी होती. त्यातून कळलं ते असं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर ह्यांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. सोललेल्या नारळाएवढा नाही, असोल्या नारळाहूनही मोठा. आत समोरासमोर दोन पंखे आणि सगळीकडे तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं, आणि गाडी पुढे जाते. कोणी कोणाला धरत नाही, कोणी सोडत नाही.

"म्हणजे क्लचाच्या जागार नारळ," दादा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "बरो संसार आसा हेंचो."

"पुढे आसा," मी म्हटलं. "गिअरबॉक्सात लहान लहान क्लच प्लेटी असतात. त्यांच्यावर कागदासारखं अस्तर चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की सुटतं."

"हेतूय क्लच?" त्याने कपाळावर हात मारला. "तरी मी म्हणतंय, सवत खंय गेली!"

मुख्य गोष्ट अशी, की खालचं नट सोडल्यावर निम्मंच तेल बाहेर येतं. निम्मं त्या नारळाच्या पोटात राहतं. म्हणजे आपण चार लिटर काढलं तेव्हा चार लिटर करपलेलं आतच होतं, आणि आता त्यात वहिनीचा आगळही घुसळला गेला होता. तो सगळा काढायला नारळालाच नट पाहिजे. मी दहावं पान वाचलं. "काही गाड्यांत कन्व्हर्टरला नट असते. काही गाड्यांत नसते."

"नसला तर?"

"तर आख्खा गिअर खाली उतरवायचा."

आख्खा गिअर उतरवायला लिफ्ट लागते. आचऱ्यात एकच लिफ्ट आहे, ती तिठ्यावरच्या नवीन लॉजची, आणि तीही बंद.

बुधवारी सकाळी सात वाजता दादा खड्ड्यात उतरला. रात्रीच त्याने खालचं नट सोडून पहिली चार लिटर सोलकढी टबात सांडून ठेवली होती. रंग तंतोतंत. जितेंद्रकाका आले, टबात डोकावले. वहिनी म्हणाली, "वर जरा कोथिंबीर घातली तर कोण ओळखूचो नाय."

नारळ बसतो तो कवचाच्या आत. कवचाला खाली हाताच्या पंजाएवढी खिडकी. इंजिन पुढून पान्ह्याने हाताने फिरवायचं, म्हणजे आत नारळ फिरतो आणि त्याचं नट, असलंच तर, खिडकीसमोर येतं. पान्ह्यावर काका, कारण गाडी त्यांची. खड्ड्यात दादा, दातांत टॉर्च धरून त्याच्या कडेने बोलत. वर मी पानं घेऊन, अगदी निरुपयोगी.

"फिरव."

काकांनी जोर लावला. आत काहीतरी इंचभर सरकलं.

"फिरव. बँकेत बसान बसान हातांचो लोणी झालो काय रे? फिरव!"

एक बोल्ट आला. तो नारळ बांधून ठेवणारा. मग सपाट पत्रा. मग दुसरा बोल्ट. सपाट पत्रा. तिसरा. चौथा. परत पहिला.

खड्ड्यात टॉर्चचा उजेड त्या बोल्टवरच थांबला.

"सत्या?" काका वाकून म्हणाले. "नाही ना?"

"फिरव परत."

"पूर्ण फेरी झाली, मी मोजली..."

"जितू, फिरव रे बाबा."

दुसऱ्या फेरीला दादा खिडकीतून बोट आत घालून पत्रा खरवडत होता. लाल मातीत तेल मुरून पंधरा वर्षांची खरपुडी धरलेली. बोल्ट, खरपुडी, बोल्ट, खरपुडी. कुठेतरी "थांब!" असं ओरडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ टॉर्च पडल्याचा आवाज. तोंड पूर्ण उघडून ओरडला होता ना.

"काय झालं?"

"बेंबी!" खड्डा ओरडला. "नारळाक बेंबी आसा!"

खरपुडीच्या खाली, चपटं, बोटाच्या पेराएवढं नट. दादाने ते पुसलं, बघितलं, आणि सोडायच्या आधी घासलेटाचं फडकं लावून दहा मिनिटं थांबला. ही त्याची पद्धत. घाई करणाऱ्याचं नट गोल होतं, असं तो म्हणतो, आणि मग आयुष्यभर त्याच्याभोवती पान्हा फिरत राहतो. दहा मिनिटं काका घड्याळ बघत होते. नट सुटलं. पहिल्यांदा काळपट गुलाबी धार आली, मग नुसतं गुलाबी, मग थेंब. जुनं करपलेलं, वहिनीचं खारवलेलं, सगळं. टब भरला, बादली लागली.

दोन्ही नटं बसवली. आठ लिटर नवीन तेल ओतलं. ह्या वेळी प्रत्येक बाटली दादाने चाटली, मग वहिनीने वास घेतला, मगच नळीत. गडग्यावरच्या अकरा बाटल्या तिने आधीच घरात नेऊन देवाजवळ ठेवल्या होत्या. काकांना बाटल्यांना हात लावायची बंदी होती.

दोन मिनिटं इंजिन चालवून पट्टी बघितली. लाल. अगदी किंचित गुलाबी झाक.

"झाला!" काका म्हणाले.

वहिनी पुढे झाली. "दुधाचा भांडा एका पाण्यान धुता काय कोण?"

म्हणून परत सगळं. परत पान्हा, परत नारळ फिरवणं, परत बेंबी, परत आठ लिटर. बादली स्वस्त पडली म्हणून घेतली होती, ती देवाने घेववली असं काका नंतर सगळ्यांना सांगत होते. दादाने शेवटची पट्टी काढली. निखळ लाल. जिभेवर ठेवलं, वहिनीकडे बघितलं.

"मीठ नाय," तो म्हणाला.

अकरा वाजले होते. ह्या तेलाची खरी पातळी गाडी तापल्यावरच कळते, आणि गाडी तापायला चालवावी लागते. हे अकराव्या पानावर लिहिलेलं होतं. दादाने ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

शिकाऊ म्हणून मागेपुढे लाल L लावायला हवा. माझ्या प्रिंटरची लाल शाई संपलेली. वहिनी आत गेली आणि काडीने, काडी कशात बुडवली हे विचारू नका, दोन सुंदर जांभळट L काढून आली.

दादा उजव्या दारातून आत बसला. आधी डावा पाय हाताने उचलून आत ठेवला, मग स्वतः बसला. स्टेअरिंगच्या चाकाला हात लावला, काढला, शर्टाला पुसला, परत लावला. वहिनी त्याच्या नेहमीच्या जागी, डावीकडे. मागे काका आणि मी. काकांनी सीट बेल्ट लावला, मग माझाही लावला.

दांडा D वर. ब्रेक सोडला. गाडी निघाली.

तिठ्यावर वळताना मी मधून पुढे बघितलं, आणि काकांना कोपराने ढोसलं. गाडीत दोनच पेडल. पण ज्या पायाने पन्नास वर्षं काही केलं नाही, तो दादाचा डावा पाय प्रत्येक वळणाला, प्रत्येक चढाला, कोऱ्या मॅटवर दाबत होता. त्यात जोर कुठला असणार, मॅटला कळलंही नसेल. पण दाबायचा आणि हळूहळू सोडायचा. वेळ अगदी अचूक. तीस वर्षं बाजूला बसून तो मनातल्या मनात दाबत आला होता, ते आज उघडं पडलं.

वहिनीनेही बघितलं. तिने पदर सारखा केला.

"सोडा," ती म्हणाली. "हळू सोडा... अवो हळू..."

"क्लच नाय गो हेका!"

"तरी सोडा! जाळलास!"

"काय जाळलंय? काय जाळलंय? नारळ आसा आत!"

"बावीस वर्षां माका शिकवलास, आता गप ऐका. समोर गाय आसा. गाय... गाय!"

गाय वाचली. खाडीवरचा पूल आला. चढावर गाडीने आपोआप गिअर बदलला, दादाने मान तिरकी केली. "दुसरो," तो म्हणाला. मग, "तिसरो. ऐकलास? लोण्यात सुरी." हिवासारखी थरथर नव्हती. काका पुढे वाकून ऐकत होते, आणि त्यांनी बेल्ट सोडला होता. "सत्या," ते म्हणाले, "आगळ गेला नसता तर तू ते अर्धं करपलेलं आतच ठेवणार होतास ना?"

"गप बस," दादा म्हणाला. "ड्रायव्हरबरोबर बोलू नये."

मिठबावला सुदेश अंगणात उभा होता. बावीस वर्षांत मेहुणा कधी ह्याच्या रिक्षात तर कधी त्याच्या टेम्पोत आलेला त्याने पाहिला होता. त्याने सवयीने उजवीकडे येऊन वहिनीला हाक मारली, तर खिडकीत सत्यवान. सुदेशच्या तोंडातला विडा तिथेच थांबला. दादा उतरला नाही. उतरला असता तर परत चढताना पाय उचलावा लागला असता, आणि सुदेशला आज ते दाखवायचं नव्हतं. इंजिन चालू ठेवून त्याने पट्टी मात्र माझ्याकडून तपासून घेतली. पातळी बरोबर. वहिनीने पिशवीतली बाटली भावाला दिली. सुदेशने ती उन्हात धरून बघितली.

"आगळ?"

"चाटून बघ आधी," आम्ही चौघे एकदम म्हणालो.

परतताना पुलाच्या अलीकडे, अरुंद जागी, समोरून टोइंगचा ट्रक आला. बाराला दहा कमी होते. दोन्ही गाड्या थांबल्या. ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढली. "ओ, आचऱ्यात सत्यवान ऑटो कुठे आलं? एक ऑटोमॅटिक बंद पडलीये म्हणे. गिअरबॉक्समध्ये सरबत गेलंय."

काका मागच्या सीटवर खाली सरकले.

दादाने काच पूर्ण खाली घेतली, डोळे मिटले, आणि त्या ट्रकचं इंजिन नीट, सावकाश ऐकलं. मग एक हात चाकावर ठेवून, कोपर बाहेर काढून, तीस वर्षांत पहिल्यांदा एका ड्रायव्हरने दुसऱ्या ड्रायव्हरला सांगावं तसं म्हणाला:

"क्लचार पाय ठेवन चलवतंस तू. प्लेटी गेलेल्यो आसत. वळव मागे, माझ्या पाठसून ये. खड्डो रिकामो आसा."

आणि ब्रेक सोडला.

"हळू सोडा," वहिनी म्हणाली.